क्लिनिकल सायकॉलॉजीचा प्राध्यापक विद्यापीठ कसं नेमतं? छोट्या उद्योजकाने समजून घ्यावी अशी एक भरती



कर्मचारी नेमणुकीच्या आपल्या व्हिडिओ मालिकेवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच आहे: "सर, जाहिरात दिली, पंधरा जण आले, पण कामाचा एकही नाही. असं का होतं?" त्याचं उत्तर आज किराणा किंवा मोबाईल शॉपीच्या उदाहरणाने देत नाही. आज आपण विद्यापीठात जाऊ. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजी, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्र, शिकवणारा सहायक प्राध्यापक नेमायचा असेल तर काय काय जुळावं लागतं ते बघू.

हे उदाहरण का, तर दोन कारणं आहेत. एक, गेल्या वर्षभरात समुपदेशन केंद्र किंवा लहान मुलांचं थेरपी सेंटर काढायचंय असं सांगणारे बरेच जण ट्रेनिंगला आले. गारखेडा, सिडको, वाळूज, सगळीकडून. त्यांना हाच माणूस लागणार आहे. दुसरं, माझं दुकान झेरॉक्स आणि स्टेशनरीचं. प्राध्यापकांच्या जागा निघाल्या की आमच्याकडे फायली बांधायला रांग लागते. एकेका उमेदवाराची फाईल दोनशे-तीनशे पानांची, वर तिच्या प्रती. त्यामुळे गुणांचे तक्ते मी बसल्या जागी इतके पाहिलेत की भरतीचं गणित आपोआप पाठ झालं.

जागा रिकामी राहिली तर बिघडतं काय?

दुकानात सेल्समन नसला तर चार गिऱ्हाईकं परत जातात. इथे काय होतं बघा. बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात देशातल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नव्हते. आपल्याकडे तर शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य सरकारला मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' नावाचा समुपदेशन कार्यक्रम सुरू करावा लागला. पुढे १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राची टेली-मानस हेल्पलाईन आली, नंबर १४४१६. तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कधी कुणाला द्यावा लागेल सांगता येत नाही.

योजना आल्या, हेल्पलाईन आली. पण तपासणी करणारा, थेरपी देणारा माणूस कुठून येणार? तो कुणीतरी तयार करावा लागतो. निमहान्सची आधीची संस्था बंगळुरूत १९५४ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिथे या विषयाचं प्रशिक्षण सुरू झालं. त्यानंतर रांची वगैरे ठिकाणी सोय झाली. आपल्या राज्यात पुण्याला आहे. मराठवाड्यातलं पोरगं शिकायला तिकडे गेलं की बहुतेक वेळा तिकडेच स्थिरावतं. इथे अभ्यासक्रम काढायचा म्हटलं तर पहिली अट असते शिक्षकाची, कारण जागांची संख्या नोंदणीकृत शिक्षक किती आहेत यावर ठरते. म्हणजे एक पद रिकामं राहिलं तर पुढची कित्येक वर्षं तेवढे तज्ज्ञ तयारच होत नाहीत.

दोन तराजू, एकच माणूस

या भरतीची खरी गंमत, आणि खरी अडचण, इथे आहे. उमेदवार एकाच वेळी दोन तराजूंत बसला पाहिजे.

पहिला तराजू यूजीसीचा. सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के, आणि नेट किंवा सेट. राखीव प्रवर्गांना टक्क्यांत सवलत आहे. ठराविक नियमांनुसार पीएच.डी. झाली असेल तर नेटमधून सूट मिळते. मध्यंतरी विद्यापीठात पीएच.डी. सक्तीची करायचं ठरलं होतं, पण १ जुलै २०२३ पासून नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. आपल्या राज्याची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, हे तुम्हाला माहीतच असेल.

दुसरा तराजू भारतीय पुनर्वसन परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा. १९९२ च्या कायद्याने ही परिषद चालते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव पाहिजे. त्यासाठी आजवरचा मुख्य रस्ता म्हणजे एम.ए. नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. हे साध्या एम.फिल.सारखं प्रबंध लिहून होत नाही. हॉस्पिटलमध्ये, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, रोज पेशंट बघत ही दोन वर्षं जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्यासुद्धा आरसीआयच्या मान्यतेलाच बांधलेली आहे.

आता हे दोन तराजू एकमेकांना ओळखत नाहीत. नेट आणि पीएच.डी. दोन्ही असलेल्या माणसाला त्या जोरावर आरसीआयची नोंदणी मिळत नाही. आणि आरसीआयचं एम.फिल. केलेल्याला त्या जोरावर नेटमधून सूट मिळत नाही. दोन्हीकडे बसणारे लोक मुळातच कमी.

आकडे मांडून बघू

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी कुणाला बोलवायचं, याचा १०० गुणांचा तक्ता दिलाय. पदवीला ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असाल तर १३, पदव्युत्तरला त्याच टप्प्यात २३. पीएच.डी.ला ३०. एम.फिल.ला ६० टक्क्यांच्या वर ७. जेआरएफसह नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३. शोधनिबंधाला प्रत्येकी २, कमाल १०. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, कमाल १०. पुरस्काराला कमाल ३.

समजा दोन उमेदवार आहेत. नावं काल्पनिकही नको, पहिली आणि दुसरा म्हणू.

पहिली: बी.ए. ७१ टक्के, एम.ए. ६८ टक्के, आरसीआयमान्य एम.फिल. ६६ टक्के, सेट पास, एक शोधनिबंध, एक वर्ष शिकवलंय आणि चार वर्षं हॉस्पिटलमध्ये काम केलंय. गुण: १३ अधिक २३ अधिक ७ अधिक ३ अधिक २ अधिक २. झाले ५०. हॉस्पिटलच्या चार वर्षांचे गुण शून्य, कारण तक्त्यात तो रकानाच नाही. तिथे अध्यापन किंवा पीएच.डी.नंतरचं संशोधन एवढंच मोजतात.

दुसरा: बी.ए. ६२, एम.ए. ६४ टक्के, सामाजिक मानसशास्त्रात पीएच.डी., नेट, पाच शोधनिबंध, पाच वर्षं अध्यापन. १३ अधिक २३ अधिक ३० अधिक ५ अधिक १० अधिक १०. झाले ९१.

दुसरा माणूस वाईट आहे का? अजिबात नाही. सामाजिक मानसशास्त्राच्या पदाला तो उत्तमच. पण क्लिनिकलच्या पदावर त्याला घेतलं तर तो विद्यार्थ्यांना पेशंटसमोर बसवून देखरेख करू शकत नाही, त्याची सही चालत नाही, आणि अभ्यासक्रमाच्या मान्यतेला त्याचा उपयोग होत नाही. पद भरलं, पगार सुरू झाला, काम मात्र तिथेच.

त्या तक्त्याखाली अजून एक टीप आहे: एम.फिल. आणि पीएच.डी. मिळून कमाल ३० च गुण. म्हणजे पहिलीने उद्या पीएच.डी. केली तरी तिच्या हॉस्पिटलमधल्या त्या दोन वर्षांचा स्वतंत्र एक गुणही उरत नाही!

यातून सुटायचा मार्ग एकच, आणि तो जाहिरात लिहितानाच वापरावा लागतो. "आरसीआयची वैध नोंदणी" हे आवश्यक पात्रतेत लिहायचं. प्राधान्य वगैरे शब्द नकोत. आवश्यक म्हणजे आवश्यक. मग छाननीतच ज्यांच्याकडे नोंदणी नाही ते बाजूला होतात, आणि १०० गुणांची शर्यत फक्त काम करू शकणाऱ्यांमध्ये होते. "प्राधान्य" लिहिलं की वरचा ५० विरुद्ध ९१ चा हिशेब सुरू झालाच म्हणून समजा.

(गुणांच्या वाटपात राज्य सरकारनेही नंतर स्वतःचे बदल केलेत. त्यामुळे तुमच्या घरात कुणी अर्ज करत असेल तर त्या जाहिरातीसोबत जोडलेला तक्ताच बघा, माझा नाही.)

आता हेच आपल्या दुकानात आणा. तुम्ही डिलिव्हरीला पोरगा बघताय. "टू-व्हीलर लायसन्स असल्यास प्राधान्य" असं लिहिता. मग बारावी पास, गोड बोलणारा, ओळखीतला पोरगा येतो आणि तुम्ही त्याला घेता. लायसन्स नाही. पहिल्याच महिन्यात क्रांती चौकात पोलीस गाडी अडवतात. लायसन्स ही फाटकाची अट होती, तुम्ही तिला गुण देत बसलात. फाटकावरच्या अटी दोनच असू द्या, तीनच असू द्या, पण त्या फाटकावरच तपासा. बाकी स्वभाव, अनुभव, बोलणं याला नंतर गुण द्या.

पदवीचं नाव लिहू नका, काम लिहा

हा मुद्दा नवीन शैक्षणिक धोरणामुळे निघाला. एम.फिल. बंद करायचं ठरलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना प्रवेश देऊ नका म्हणून कळवलं. पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क यांचं एम.फिल. एकदम बंद केलं तर तज्ज्ञ येणार कुठून? म्हणून या दोघांना २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली. पुढच्या काळासाठी आरसीआयने पदवी, एम.ए. आणि साय.डी. अशी नवी साखळी आणलीय.

आता ज्या विद्यापीठाच्या जाहिरातीत "एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी" एवढेच शब्द असतील, तिथे साय.डी. झालेला पात्र माणूस छाननीत अडकेल. क्लार्क काय करणार, त्याच्यासमोर जे लिहिलंय त्यावर तो टिक करणार. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची चालू नोंदणी मिळवून देणारी पात्रता" असं लिहिलं की दोघेही बसतात. आणि "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून" हे शब्दही गाळायचे नाहीत, कारण आरसीआयकडे पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ अशी वेगळी नोंद असते. ते काम महत्त्वाचंच आहे, पण वेगळं आहे.

तुमच्याकडेही हेच होतं. "टॅली येणारा पाहिजे" लिहिता, आणि तुम्हाला खरं पाहिजे असतं महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जीएसटी रिटर्न भरून देणारा माणूस. तो दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत असेल तर काय बिघडलं?

जाहिरातीपासून ऑर्डरपर्यंत

हा भाग पटकन सांगतो. आधी विभागाचा कार्यभार मोजतात, पद मंजूर असावं लागतं, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते. मग जाहिरात, अर्ज, छाननी, मुलाखत, व्यवस्थापन परिषदेसमोर विषय आणि शेवटी नियुक्तीपत्र. प्रत्येक पायरीवर महिने जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो की राज्यातलं दुसरं कुठलं सरकारी विद्यापीठ, प्राध्यापकांच्या रिक्त जागांची चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतो, त्यातला बराच वेळ इथे मुरलेला असतो.

निवड समितीवर मात्र थोडं थांबू. यूजीसीच्या नियमांनुसार अध्यक्ष कुलगुरू किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती. कुलपतींनी नेमलेले एक शिक्षणतज्ज्ञ, विषयाचे तीन तज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख. मागास, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असतील आणि समितीत त्या प्रवर्गातलं कुणी नसेल तर आणखी एक सदस्य. बैठकीला किमान चार जण लागतात आणि त्यात बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ हवेतच. म्हणजे घरच्या घरी निवड उरकता येत नाही.

मला यात एक गोष्ट फार पटते: बाहेरचा माणूस सक्तीने बसवणं. पण त्यातही एक फट आहे. "विषय" म्हणजे मानसशास्त्र एवढंच धरलं तर तिन्ही तज्ज्ञ शैक्षणिक किंवा सामाजिक मानसशास्त्राचे येऊ शकतात. मग समोरच्या उमेदवाराने एखाद्या पेशंटची केस कशी समजून घेतली हे तपासणार कोण? तज्ज्ञांच्या यादीतच किमान एक-दोन नावं हॉस्पिटलमध्ये काम केलेल्यांची पाहिजेत. मुलाखतीत पंधरा मिनिटं वर्गात शिकवल्यासारखं शिकवून घ्यावं आणि एक काल्पनिक केस देऊन "तुमचा विद्यार्थी इथे चुकला, तुम्ही काय कराल?" असं विचारावं. शिक्षक म्हणून तिथेच माणूस कळतो.

तुम्ही ब्युटी पार्लरसाठी किंवा मोटार रिवाइंडिंगसाठी कारागीर घेताय आणि तुम्हाला स्वतःला ते काम येत नाही, तर त्या धंद्यातला ओळखीचा जुना माणूस तासभर बोलावून आणा. चहा-नाष्टा आणि त्याच्या वेळेचे पाचशे-हजार रुपये द्या. तुमचे तीन महिने वाचतील.

पगार आणि टिकणं

सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता, घरभाडे वगैरे. वाईट नाही. पण कायम पद निघत नाही तोवर विभाग तासिका तत्त्वावर चालतात. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला होता. आता विचार करा, ज्याची हॉस्पिटलमध्ये किंवा स्वतःच्या क्लिनिकमध्ये प्रॅक्टिस चालू आहे, तो सुट्ट्यांचे पैसे न मिळणाऱ्या तासिकांवर दर जूनला नव्याने अर्ज करत कशाला राहील?

पैशाने स्पर्धा करता येत नसेल तेव्हा विद्यापीठाकडे द्यायला दुसरं काहीतरी असतं: संशोधनाची मोकळीक, पीएच.डी.चे विद्यार्थी, आणि हॉस्पिटलशी करार असेल तर पेशंट बघणं चालू ठेवायची सोय. आपल्या शहरात घाटीसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे, तिथे मनोविकार विभाग आहे. असा करार हातात ठेवून जाहिरात काढली तर क्लिनिकलचा माणूस ती दोनदा वाचेल. पेशंटपासून तुटलेला क्लिनिकल शिक्षक चार वर्षांत गंजतो, हे त्यालाही माहीत असतं.

सेंटर काढणाऱ्यांसाठी

आता ज्यांना खरंच केंद्र काढायचंय त्यांच्यासाठी. आरसीआय कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणी नसलेल्या माणसाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हजार रुपये म्हणून हसू नका, कैदेचा शब्द आधी आहे. आणि खरं नुकसान गिऱ्हाईकाचं होतं. एखादी आई मुलाची बुद्ध्यांक चाचणी तुमच्याकडे करून घेते, पैसे भरते, आणि पुढे प्रमाणपत्राच्या वेळी तो अहवाल बाजूला ठेवला जातो, कारण सही नोंदणीकृत नाही. त्या मुलाची परीक्षेतली सवलत त्यावर अवलंबून असते. वर्ष जातं हो पोराचं.

मेडिकल दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस दुसऱ्याच गावी, हा प्रकार तुम्ही ऐकलाय. १९४८ च्या फार्मसी कायद्याला ते मान्य नाही तरी चालतं. तोच जुगाड काही जण इथे आणू बघतात: "मॅडमचा नंबर बोर्डावर टाकतो, महिन्याला अमुक देतो, बाकी आमची मुलगी बघेल." माझ्या ट्रेनिंगमध्ये हा प्लॅन घेऊन आलेल्याला मी सरळ नाही म्हणतो.

मग करायचं काय? मानसशास्त्रात एम.ए. झालेली व्यक्ती समुपदेशक म्हणून घ्या आणि बोर्डावर "समुपदेशक" हेच लिहा. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने हे क्षेत्रही नोंदणीच्या चौकटीत आणायचं ठरवलंय, त्यामुळे तिची पदवी नियमित वर्गातली आहे का तेही बघून ठेवा. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाईन प्रवेश थांबवलेत.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पूर्णवेळ परवडणार नाही, तर आठवड्यातून दोन अर्धे दिवस बोलवा. चाचण्या आणि अहवाल त्या दिवशीच. करारात चार गोष्टी स्पष्ट लिहा: येण्याचे वार आणि वेळ, चाचणीमागे मानधन, पेशंटची कागदपत्रं कुणाच्या ताब्यात राहतील, आणि समुपदेशकाच्या कामावर महिन्यातून किती तास देखरेख. हा शेवटचा मुद्दा लोक गाळतात, आणि मग अवघड केस आली की समुपदेशक एकटी पडते.

करार करण्याआधी त्यांचा आरसीआय क्रमांक मागा. संकोच करू नका, खऱ्या माणसाला राग येत नाही. परिषदेच्या वेबसाईटवर नोंदवही आहे, तिथे नाव, नोंदणीचा प्रकार आणि वैधता तिन्ही जुळवून बघा. नोंदणीचं ठराविक काळाने नूतनीकरण असतं, त्यामुळे वैधतेची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, शॉप ॲक्ट आणि फायर एक्स्टिंग्विशरच्या रिफिलच्या तारखेशेजारीच.